दप्तर कुणाच्या घरी? कुलकर्णी, तलाठी आणि मॅक्स वेबर

1918 साली कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी कुलकर्णी वतनं रद्द केली आणि त्यांच्या जागी पगारी तलाठी नेमायला सुरुवात केली. समाजशास्त्राच्या वर्गात मॅक्स वेबर हा जर्मन समाजशास्त्रज्ञ आणि त्याचा नोकरशाहीचा विचार शिकवायची वेळ आली की मी हे प्रकरण घेतो. पाठ्यपुस्तकांत प्रशियाचे, म्हणजे जुन्या जर्मन राज्याचे, अधिकारी आणि कॅथलिक चर्च असतं. मुलांना प्रशिया कुठे होता ते माहीत नसतं, आणि आता तो नकाशावरही नाही. सातबारा मात्र प्रत्येकाच्या घरात असतो. सातबारा नसला तर निदान त्यावरून चाललेलं भांडण असतं.

तर प्रकरण असं. जुन्या गावगाड्यात कारभार दोघांच्या हातात. पाटील गावचा मुख्य, काळी-पांढरीचा मालक असल्यासारखा वावरणारा. साऱ्याची वसुली, तंटे, मानपान त्याच्याकडे. कुलकर्णी लिहिणारा. कोण किती जमीन कसतो, तिचा आकार किती, बाकी किती, कोण वारला, कुणी वाटणी घेतली, सगळं त्याच्या बोरूतून कागदावर उतरायचं, तेही मोडीत. कागदांचे गठ्ठे, म्हणजे दप्तर, रुमालात बांधलेले आणि ते रुमाल कुलकर्ण्याच्या घरात, बहुधा माळ्यावर. हे काम त्याला परीक्षा घेऊन कुणी दिलेलं नव्हतं. बापाकडून आलं होतं आणि मुलाकडे जाणार होतं. पेशवाईत वतन विकलं जाई, गहाण पडे, भावाभावांत त्याच्या तक्षिमा, म्हणजे वाटण्या, होत. तीन भाऊ असतील तर पाळीपाळीनं कुलकर्णीपण चाले. मोबदला म्हणून इनाम जमीन, ठरलेले हक्क, आणि पुढे इंग्रजी अमलात सरकारी मुशाहिरा, म्हणजे रोख मोबदला.

राजा दिवाण बदलू शकत होता. गावच्या कुलकर्ण्याची बदली ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात येण्यासारखी नव्हती. बदली करून पाठवणार कुठे? पुढच्या गावाला त्याचा कुलकर्णी होताच.

तलाठी हा शब्द कोल्हापुरात जन्मला असं नाही. गुजरातच्या ब्रिटिश जिल्ह्यांत तलाटी एकोणिसाव्या शतकापासून होते. पण ज्या मुलखात कुलकर्णी हे आडनाव, धंदा आणि मान हे सगळं एकच होतं, तिथे एका हुकमानं ते तोडणं ही वेगळी गोष्ट होती. नवा माणूस पगारावर आला. कोणत्या जातीचा असावा याची अट गेली. संस्थानात अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या माणसांनाही तलाठी म्हणून नेमलं गेलं. वतनाच्या चौकटीत हे शक्यच नव्हतं, कारण तिथे नेमणूक जन्मानं होत होती.

आता वेबर. मॅक्स वेबर 1864 साली जन्मला, 1920 मध्ये गेला. भारतात तो कधी आला नाही. पण 1916-17 मध्ये त्याचा हिंदू आणि बौद्ध धर्मांवरचा लांबलचक अभ्यास छापून आला आणि त्यासाठी त्यानं आपल्याकडच्या जनगणनेचे अहवाल वाचले होते. त्या अभ्यासात जातीबद्दल लिहिताना तो बऱ्याच ठिकाणी घसरतो. इथे तो विषय नाही. इथे महत्त्वाचं आहे ते जानेवारी 1919 मध्ये म्युनिकला विद्यार्थ्यांसमोर त्यानं दिलेलं व्याख्यान. कोल्हापूरचा हुकूम निघून तोवर फार दिवस झाले नव्हते. वेबरला कोल्हापूरची काही खबर नव्हती आणि कोल्हापूरला वेबरची नव्हती, तरी तो नेमकं हेच सांगत होता. आधुनिक राज्य उभं राहतं ते राजा एक गोष्ट करतो म्हणून: कारभाराची साधनं ज्यांच्या स्वतःच्या मालकीची आहेत, अशा माणसांकडून तो ती काढून घेतो. घोडे, शस्त्रं, पैसा, इमारती, कागद. कारखान्यातल्या कामगाराकडे अवजारांची मालकी राहत नाही, तशीच अधिकाऱ्याकडे अधिकाराच्या अवजारांची राहत नाही.

कुलकर्ण्याचं अवजार म्हणजे दप्तर.

परीक्षेत नोकरशाहीची वैशिष्ट्यं विचारतात आणि मुलं पाठ करून लिहितात: ठरलेलं कार्यक्षेत्र, वरिष्ठ-कनिष्ठ साखळी, लेखी नियम, लेखी नोंदी, प्रशिक्षण, पगार, पूर्णवेळ काम, घर आणि कचेरी वेगळी. आठ मुद्दे, आठ गुण. माझं म्हणणं असं की या सगळ्यांची बिजागरी शेवटच्या मुद्द्यात आहे. दप्तर कुणाच्या घरात आहे हे एकदा विचारलं की बाकीची उत्तरं आपोआप येतात. दप्तर घरात असेल तर ते वारसाला जातं, म्हणजे परीक्षा नको. वारसाला जातं म्हणजे माणूस काढता येत नाही, म्हणजे वरिष्ठाचा हुकूम अर्धाच चालतो. आणि ज्याला काढता येत नाही त्याला नियम दाखवून उपयोग नसतो, त्याची मनधरणी करावी लागते.

हे आपल्याकडे कुणाला कळलं नव्हतं असं मुळीच नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांचं वर्णन राज्याचे दायाद असं केलं. दायाद म्हणजे भाऊबंद, वाटेकरी. नोकर नव्हे, शत्रूही नव्हे. राज्यात ज्याचा हिस्सा आहे असा माणूस, म्हणून त्याला सांभाळावंही लागतं आणि दाबूनही ठेवावं लागतं. वेबरनं या अवस्थेसाठी जर्मनमध्ये जड शब्द वापरले आहेत. माझ्या मते 'दायाद' या एका शब्दात ते सगळं येतं, शिवाय आपल्या घरातल्या वाटणीच्या आठवणींसकट.

हुकमामागे कोण कशासाठी

वेबर म्हणतो, समाजशास्त्राचं काम माणसाच्या कृतीचा त्याच्या दृष्टीनं असलेला अर्थ समजून घेणं. कृतीचे त्यानं चार प्रकार केले: साध्य आणि साधन यांचा हिशेब मांडून केलेली, एखाद्या मूल्याखातर परिणामांची पर्वा न करता केलेली, भावनेच्या भरात केलेली, आणि चालत आलंय म्हणून केलेली. त्यानंच बजावलंय की हे शुद्ध रूपात कुठे सापडत नाहीत. ही मोजपट्टी आहे, कपाटातले खण नाहीत. मुलं मात्र खण करून टाकतात. म्हणून मी वर्गात एकाच हुकमाला चारही पट्ट्या लावायला सांगतो.

हिशेब तर दिसतोच. महसुलाची नोंद स्वतःच्या नेमलेल्या, स्वतः काढता येणाऱ्या माणसाच्या हातात असणं हा कुठल्याही राज्यकर्त्याचा फायदा. मूल्यही दिसतं: याच राजानं 1902 मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. 1918 चा हुकूम त्याच रस्त्यावरचा. भावनेची पट्टी लावली की वर्ग गरम होतो. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे पुरोहितांनी महाराजांसाठी वेदमंत्रांनी विधी करायला नकार दिला तेव्हा, त्यांचा जो अपमान झाला त्याचा हा वचपा होता, असं विरोधक तेव्हाही म्हणत आणि अजूनही काही जण म्हणतात. मी मुलांना एवढंच विचारतो की अपमान आठवणं आणि व्यवस्था अन्यायाची आहे हे दिसणं या दोन गोष्टी एका माणसात एकाच वेळी असू शकत नाहीत का. ज्यानं अपमान सोसला त्यालाच अन्याय आधी दिसतो, असंही होतं.

चौथी पट्टी सगळ्यात मजेची. परंपरा मोडणारा हा हुकूम चालला कशाच्या जोरावर? परंपरेच्या. छत्रपतींच्या गादीवरून निघाला म्हणून चालला. विधिमंडळानं कायदा केला नव्हता, बहुमत मोजलं नव्हतं. वेबरनं अधिसत्तेच्या वैधतेचे तीन आधार सांगितले: परंपरा, एखाद्या व्यक्तीचं विलक्षण वलय, आणि नियमांवरचा विश्वास. कोल्हापुरात तिसरा आधार गावात उभा करण्यासाठी पहिला आणि दुसरा वापरले गेले. वंशपरंपरेनं आलेल्या राजानं गावातली वंशपरंपरा मोडली, स्वतःची ठेवून. हे वाक्य टीका म्हणून घेऊ नका. परंपरेच्या गादीवर बसलेल्या माणसानंच नोकरशाही आणणं युरोपातही नेहमीचं होतं. वेबरच्या डोळ्यांसमोर तेच राजे होते.

कुलकर्ण्यांच्या बाजूनंही हे बघायला हवं, नाहीतर अभ्यासाची प्रचारसभा होते. विरोध झाला आणि जोरात झाला. तो फक्त मुशाहिऱ्यासाठी होता असं मानलं तर त्या माणसांना आपण पहिल्याच खणात कोंबतो. वतन गेलं तेव्हा उत्पन्नाबरोबर गावातली जागा गेली. लग्नाच्या याद्यांत, देवळातल्या मानात, चावडीवर कुठे बसायचं यात जे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं होतं ते गेलं. उलट बाजूला महात्मा फुल्यांनी 1883 मध्येच शेतकऱ्याचा असूड लिहून कुलकर्ण्याची लेखणी अडाणी शेतकऱ्याला कशी नागवते ते मांडलं होतं. मोडी न येणाऱ्याला स्वतःच्या नावापुढे काय लिहिलंय ते कळायचं नाही. नोकरशाही म्हणजे ज्ञानाच्या जोरावर चालणारी सत्ता, असं वेबरचं म्हणणं. ज्ञानाची ती मक्तेदारी कुलकर्ण्याकडे नोकरशाही नसतानाच होती, आणि तिच्यावर तक्रार करायला वर कुणी नव्हतं.

तुकड्यातुकड्यांनी

कोल्हापूर हे संस्थान. बाकी मुंबई इलाख्यात 1874 चा वतन कायदा चालूच होता आणि वतनं संपायला स्वातंत्र्य यावं लागलं. परगणे आणि कुलकर्णी वतनं नष्ट करणारा कायदा 1950 चा, अंमल 1 मे 1951 पासून. महार आणि इतर कनिष्ठ मानलेली वतनं गेली 1 ऑगस्ट 1959 ला. मुलकी पाटलाचं पद 1 जानेवारी 1963 ला. म्हणजे जवळजवळ बारा वर्षं अशी गेली की चावडीत बसलेला तलाठी पगारी, बदली होणारा, नियमाला बांधलेला. आणि त्याच्या शेजारचा पाटील वंशपरंपरेनं आलेला. एका खोलीत दोन शतकं.

मधल्या तारखेवर जरा थांबू. महार वतन हा वेबरच्या यादीचा अगदी उलटा नमुना आहे. नोकरशाहीत कामाची हद्द ठरलेली असते. महाराच्या कामाला हद्दच नव्हती. सारा पोचवणं, निरोप नेणं, मेलेली जनावरं ओढणं, सरकारी माणसाची सरबराई, दिवस असो रात्र असो. काम एकट्यावर नव्हतं, घरादारावर होतं. मोबदल्याला तुटपुंजी जमीन आणि बलुतं, तेही गाव राजी असेल तर. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायदा बदलण्यासाठी विधेयक मांडलं त्यामागे हेच होतं. वेबरच्या नोकरशाहीला आपण रुक्ष, निर्दय, माणूस न बघणारी म्हणतो. 'माणूस न बघता' या शब्दांची किंमत मात्र ज्याला पिढ्यान् पिढ्या माणूस बघूनच वागवलं गेलं त्याला विचारावी. दहा ते पाच ही वेळ लिहिलेला कागद हा त्याच्यासाठी पिंजरा नव्हता.

पिंजऱ्यावरून एक आठवलं. वेबरचा 'लोखंडी पिंजरा' सगळे नोकरशाहीला लावतात. मूळ जर्मन शब्दांत पिंजरा नाहीच, पोलादासारखं कठीण कवच असं काहीसं आहे. पिंजरा 1930 च्या इंग्रजी भाषांतरातला. आणि तिथे विषय भांडवली अर्थव्यवस्थेचा चालला आहे, कचेरीचा नाही.

सजेवर

आता आजचं. दोन वर्षांपूर्वी मामा गेला आणि वारस नोंदीसाठी मामेभावाबरोबर मी सजेच्या, म्हणजे तलाठ्याच्या, कचेरीत गेलो. गाव आणि तालुका सांगण्याची गरज नाही, कुठलाही घ्या.

कागदावर व्यवस्था बघितली तर वेबरनं स्वतः आखल्यासारखी आहे. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे काही गावं मिळून एक सजा. जमिनीच्या हक्कात बदल झाला की तलाठी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये, नोंद घेणार. तिची प्रत चावडीवर लावणार. संबंधितांना नोटीस देणार. हरकतीला 15 दिवस. हरकत आली तर विवादग्रस्त नोंदवहीत वेगळी नोंद. मग मंडळ अधिकारी, आपला सर्कल, ती प्रमाणित करणार. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा. कुलकर्ण्याच्या काळी दोन्ही बऱ्याच अंशी एकाच घरात व्हायचं. नेमणूक परीक्षेनं: 2023 च्या भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांहून जास्त अर्ज. आता तर पदाचं नावही बदललंय, ग्राम महसूल अधिकारी. गावात मात्र कुणी म्हणत नाही. तलाठी तो तलाठी.

तलाठी मॅडम तिशीच्या आतल्या, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या, शेजारच्या आणखी एका सजेचा अतिरिक्त कार्यभार सांभाळणाऱ्या. बोलायला नीट. लॅपटॉपला डिजिटल सहीचं टोकन लावलेलं, जुन्या पेनड्राइव्हसारखं. अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, 8-अ चा खातेउतारा, सगळं बघितलं आणि म्हणाल्या, "सर, सातबाऱ्यावर नावापुढे 'राव' आहे. दाखल्यावर नाही."

"अहो, माणूस तोच आहे."

"मला कळतंय, सर. पण उद्या कुणी हरकत घेतली तर मी काय दाखवू?"

हे उत्तर मला आवडलं, खरं सांगतो. माझं काम अडलं तरीही. वेबर म्हणतो तसं ना राग ना लोभ. कुलकर्ण्यानं मामाला ओळखलं असतं. म्हणजे ओळखीच्या माणसाची नोंद लगेच झाली असती, आणि ज्याच्याशी वाकडं त्याची कधीच झाली नसती.

पण 'राव' जुना आहे हे सिद्ध कसं करायचं? जुना फेरफार काढावा लागणार, आजोबांच्या वेळचा. मॅडमना तो कुठे असेल याची कल्पना नव्हती. कशी असणार? त्या येऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांच्या आधीचे दुसऱ्या तालुक्यात, त्यांच्या आधीचे निवृत्त. व्यवस्थेनं माणूस मुद्दाम फिरता ठेवलाय, म्हणजे दप्तर पुन्हा कुणाच्या घरात जाऊ नये. ते जात नाही. पण दप्तर कुणाच्या डोक्यातही राहत नाही.

कोपऱ्यात स्टुलावर पन्नाशीचा एक माणूस बसला होता. तो नोकरीत नव्हता. अशा माणसाला आपल्याकडे झिरो तलाठी म्हणतात. वर्तमानपत्रांत त्याच्यावर बातम्या येतात, वरून परिपत्रकं निघतात, बाहेरच्या माणसाच्या हाती दप्तर देऊ नका म्हणून. त्याचं नाव कुठल्याही हजेरीपटावर नसतं, त्याचा पगार कुठल्याही बिलात नसतो. तलाठी बदलतात, तो बदलत नाही. गावचाच असतो. कुठल्या गठ्ठ्यात काय आहे, कुठल्या भावकीत कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाची हरकत येणार, सगळं त्याला ठाऊक. उत्पन्न येणाऱ्या-जाणाऱ्याकडून. यातली एकेक ओळ वर कुलकर्ण्याबद्दल लिहिलेल्या परिच्छेदाशी ताडून बघा. फक्त त्याच्याकडे सनद नाही, मान नाही आणि त्याला हाकलायचं तर हुकूमसुद्धा काढावा लागत नाही. तरी त्याला हाकलत कुणी नाही.

वेबरच्या चौकटीत याला नाव नाही असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, आहे. ज्ञान म्हणजे सत्ता हे तोच सांगून गेला. तो गृहीत धरून चालला की दप्तरातलं ज्ञान कचेरीत राहील. आपल्याकडे कागद सरकारच्या ताब्यात आले, कागद वाचायचं कसब बाहेर राहिलं, आणि जिथे कसब तिथे पुन्हा एक छोटं वतन उगवलं.

यावर उपाय म्हणून संगणक आला. ई-फेरफार आली, 15 रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळायला लागला, 2021 पासून पीकपाणीही शेतकऱ्यानंच मोबाइलवर भरायचं. म्हणजे दप्तर आता चावडीतही नाही, कुठल्याशा सर्व्हरवर आहे. याचा फायदा मी रोज घेतो, तक्रार करायला मला तोंड नाही. पण 'राव'चं काय करायचं हे सर्व्हरला कळत नव्हतं, आणि मॅडमना कळत असून करता येत नव्हतं.

शेवटी त्यांनीच मान वळवून स्टुलाकडे बघितलं. तो उठला नाही. मामेभावाला विचारलं, "तुमचे आजोबा वारले त्या सालचा ना? वाटणीचा फेरफार झालाय त्यात, चार भावांचा."

मामेभावाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

"असंल," तो म्हणाला. "मॅडम, लोखंडी कपाटातला खालचा खण. निळा रुमाल. तुमच्याकडची किल्ली नाही लागायची त्याला, माझ्याकडं आहे."